पुढच्या मुक्कामाचा पत्ता

मित्रांनो, घोड्याने धावावे, अशी रीत आहे. मीही धावतो, पण जिथून निघतो तिथेच परत येतो. माझे चारही पाय कायम हवेत असतात आणि पाठीतून पोटापर्यंत एक पितळी दांडा आरपार गेला आहे. तरी आजवर मला काही दुखलेले नाही. ओळखलेत ना? आनंदमेळ्यात घोड्यांचा जो गोल पाळणा फिरतो, त्यावरचा मी एक जुना लाकडी घोडा.

एका सुताराने मला मोडक्या दारांच्या लाकडातून घडवले. माझ्या मांडीवर अजून बिजागरीच्या स्क्रूंची भोके आहेत. त्याच्या बायकोने अंगाला पांढरा आणि आयाळीला निळा रंग दिला. डोळे काढताना तिची मान जरा कलली असावी, कारण माझे सात भाऊ सरळ समोर पाहतात आणि मी मात्र बाजूला, लोकांकडे. या खोडीमुळे मला पुष्कळ गोष्टी पाहायला मिळाल्या. ज्या कळल्या नाहीत, त्यांची उत्सुकता अजून संपलेली नाही.

आमच्या मालकिणीला सारा मेळा मावशी म्हणतो. नवऱ्यामागे पाळणा तिनेच चालवला. तिचा एक नेम आहे. सकाळी आम्हा आठांची तोंडे कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नाही. मग मधल्या खांबाला हात लावून क्षणभर डोळे मिटते. तिचा धाकटा दीर पाळण्याचा मिस्त्री. तो तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भाऊजी. दिवसभर दोघे एकमेकांवर कुरकुरतात आणि जेवताना मात्र एकमेकांसाठी थांबतात.

मेळेवाल्यांची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. आमचा मुक्काम एका मैदानात फार दिवस नसतो. म्हणून कोणी पत्ता विचारला, की मेळ्यातली माणसे पुढच्या मैदानाचा पत्ता देतात. सामान असो की निरोप, तो निघून पोचेपर्यंत मेळाही तिथे पोचलेला असतो. आजच्या जागेचा पत्ता दिला, तर निरोप बिचारा आमच्या मागे मागेच हिंडत राहील.

मग ती साथ आली आणि मेळा बंद झाला. बाकीचे खेळवाले आपापल्या घरी गेले. मावशीचे घर म्हणजे हा पाळणाच. तिने एका बंद बर्फाच्या कारखान्यात पत्र्याच्या शेडचा आसरा घेतला. आम्हाला सोडवून भिंतीशी उभे केले. माझी नजर नेमकी दाराकडे आली, हे माझे नशीब.

कमाई थांबली, पण आमची ने-आण करणाऱ्या ट्रकचा बँकेचा हप्ता थांबला नाही. एक दिवस बागेतल्या हॉटेलचा मालक आला. त्याला फाटकाच्या दोन्ही बाजूंना घोडे हवे होते.

"दोन द्या," तो म्हणाला. "हा तिरप्या नजरेचा तर मला फारच आवडला."

"दोन गेले तर पाळण्याचा तोल जाईल," मिस्त्री म्हणाला.

"मग आठही देऊन टाका!"

मावशी हसली नाही. "महिनाअखेरीला सांगते," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून ती माझे तोंड जरा जास्तच वेळ पुसू लागली.

अशातच मिस्त्रीने मोबाईलवर बातमी वाचली. बंद पडलेल्या धंद्यांना सरकार मदत करणार होते. बँकेचे हप्ते काही महिने पुढे ढकलता येणार होते आणि जो मालक कामगाराला काढणार नाही, त्याला त्या कामगाराचा अर्धा पगार मिळणार होता.

मला मोठे कुतूहल वाटले. सरकार म्हणजे कोण? माझ्या पाठीवर नवरा-नवरी बसली आहेत, पोलीस बसला आहे, एकदा तर दाढदुखीने रडणारा दातांचा डॉक्टरही बसला आहे. सरकार कधी बसल्याचे आठवत नाही. त्याचे वजन किती असेल?

"वहिनी, पत्ता काय टाकू?" मिस्त्रीने अर्ज भरताना विचारले.

"अहो नेहमीचा टाका, त्यात विचारायचं काय!"

त्याने नेहमीचाच टाकला. दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही, आणि खरे सांगतो, मलाही नाही.

काही दिवसांनी उत्तर आले. दिलेल्या पत्त्यावर पाहणी केली, व्यवसाय आढळला नाही, अर्ज नामंजूर.

"आढळला नाही म्हणजे?" मिस्त्री भडकला. "आठ घोडे काय चरायला गेले?"

मावशीने ते उत्तर पुन्हा एकदा वाचले. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, आपण पुढच्या मैदानाचा पत्ता दिला हो."

"मग? नेहमी तोच देतो की."

"देतो. पण या वेळी आपण पुढे गेलोच नाही ना."

मिस्त्रीने मोबाईलवर अर्ज पुन्हा उघडून पाहिला.

ज्या कार्यालयातून उत्तर आले होते, तिथे मावशीने फोन लावला. लागेना, तरी लावत राहिली. शेवटी पाहणी करणाऱ्या बाईच फोनवर आल्या. मावशी स्पीकर लावूनच बोलते, त्यामुळे मलाही सगळे ऐकता आले.

"मावशी, एवढ्या उन्हात मी त्या मैदानात जाऊन आले. तिथे फक्त एक शेळी होती."

"बाई, शेळी आमची नाही."

"मग तुमचं काय आहे?"

"घोडे आहेत."

"खरे?"

"लाकडी. पण खरे."

बाई हसल्या असाव्यात. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "फेरपाहणी करता येईल. पण धंदा उभा दिसला पाहिजे. शेडमध्ये ठेवलेले घोडे भंगारातलेसुद्धा असू शकतात. परवा येते."

भंगार हा शब्द ऐकून माझा धाकटा भाऊ थरथरला, असे मला वाटले. कदाचित तो वारा असेल.

पाळणा उभा करायला एरवी सहा माणसे लागतात. मावशी आणि मिस्त्री दोघांनीच तो कारखान्याच्या अंगणात उभा केला. ती खांब धरायची आणि तो बोल्ट आवळायचा. "वहिनी, डावीकडे!" "अहो, तुमची डावी की माझी?" असे दोन दिवस चालले होते. दांडा पुन्हा माझ्या पोटातून गेला, तेव्हा मला फार बरे वाटले.

बाई स्कूटरवरून आल्या. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी. त्यांनी फोटो काढले, खांब हलवून पाहिला. "चालतो का?"

"बसून बघा," मिस्त्री म्हणाला.

"मी ड्युटीवर आहे हो."

"मग ड्युटी म्हणूनच बसा," मावशी म्हणाली. "माणसाला घेऊन फिरला, तर तो पाळणा."

बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि नेमक्या माझ्यावर बसल्या. वीज नव्हती, म्हणून दोघांनी हातानेच पाळणा ढकलला. एक फेरी झाली. मिस्त्री थांबू लागला, तशा बाई म्हणाल्या, "अजून एक होऊ दे. पाहणी नीट व्हायला हवी." वजन बेताचे होते, पण हात मात्र दांड्याला घट्ट धरलेला. सरकार ते हेच का, हे मी कोणाला विचारणार?

उतरल्यावर त्यांनी पत्ता विचारला. "आता नीट सांगा, काय लिहू?"

"लिहा, सध्या इथे," मावशी म्हणाली.

मदत मंजूर झाली. तेवढ्याने सगळे सुरळीत झाले असे नाही. पुढे ढकललेले हप्ते नंतर फेडावेच लागले आणि मिस्त्रीच्या पगाराचा उरलेला अर्धा भाग मावशीने कापडी मास्क शिवून उभा केला. पण आम्ही आठ राहिलो. हॉटेलवाल्याला तिने फोन केला. "घोडे द्यायचे नाहीत. फाटकाला शोभा हवी तर कुंड्या ठेवा!"

मेळा उघडला, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर मिस्त्री आम्हाला साबणाच्या पाण्याने पुसायचा. त्यात माझी निळी आयाळ पार पांढरी झाली. मुले मला आता म्हातारा घोडा म्हणतात. म्हणू देत. बसतात तरी माझ्याच पाठीवर.

एकच विनंती आहे, मित्रांनो. चढताना कान ओढू नका, दांडा धरा. आणि कोणी शोधल्या जागी सापडले नाही, तर ते नाहीच असे ठरवून मोकळे होऊ नका. एक हाक मारा. विचारा, "सध्या कुठे आहात?" उत्तर द्यायला कोणीतरी फोनपाशी बसलेले असते.