तिसरा अंक माझ्या पोटात होता

मी एक जुना संगणक बोलतोय, वडशाच्या गुणवंतरावांच्या घरचा. आता पिवळट पडलोय. पण आलो तेव्हाही काही नवा नव्हतो. चंद्रपूरच्या एका कचेरीत घासून झाल्यावर २००१ साली एसटीच्या टपावरून इथे आलो.

गुणवंतराव झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या भागात गावोगाव रात्रभर चालणारी, नाटकं लिहायचे. लिहायचे म्हणजे येरझारा घालत बोलायचे आणि त्यांची लेक दिव्यानी ते माझ्यात टाइप करायची. खलनायकाचं वाक्य आलं की असे ओरडायचे की शेजारच्या बाया दारात यायच्या!

"बाबा, कागदावर काऊन नाई लिहत?" दिव्यानी विचारायची.

"कागदाले वाळवी लागते. याले काय होते?"

ते ऐकून मी फुगायचो. खरं सांगतो, मला फार चढली होती.

२००४ च्या पावसाळ्यात गुणवंतरावांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. नवं नाटक नुकतंच पुरं झालं होतं. दोन अंक छापून नटांच्या हाती पडले होते, तिसरा फक्त माझ्याकडे होता. अशात दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी गाण्यांची सीडी घातली, त्यातून व्हायरस शिरला आणि मी सुरूच होईना.

बिरजू मेकॅनिक आला. "फॉरमॅट मारा लागते, ताई. सारंच जाईन."

"अन् तिसरा अंक?"

"तो बी जाईन."

खाटेवर गुणवंतरावांनी मान भिंतीकडे फिरवली. त्यांना सगळं कळत होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. मंडईतला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतला, पहिला प्रयोग आठ दिवसांवर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारची रीता नागपूरला शिकायची. ती सुट्टीत आली होती आणि तिच्याकडे संगणक चालवणाऱ्या लिनक्स या फुकट प्रणालीची सीडी होती. "हे आत टाका नाई लागत," ती म्हणाली. "सीडीवरूनच चालते."

"फुकटची चीज, फुकटासारखीच चालन," बिरजू हसला.

सीडी फिरली आणि मी उठलो! माझ्याच फायली पडद्यावर आल्या. दिव्यानीने घाईघाईने तिसरा अंक उघडला. पाहते तर काय, सगळी इंग्रजी अक्षरं आणि वेडीवाकडी चिन्हं. मराठी औषधालाही नाही.

"सडलं वो सारं," म्हणून ती रडायलाच लागली.

"थांब ना, ताई," रीता म्हणाली. "लिहलेलं हाये तसंच हाये. त्याचा फाँट भेटून नाई राह्यला."

रीताने माझ्याच जुन्या कपाटातून, म्हणजे फोल्डरातून, मराठीचा फाँट शोधला आणि लिनक्सच्या हवाली केला. फाईल पुन्हा उघडली. आता काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी होतं.

गुणवंतरावांना खुर्चीवर आणून बसवलं. दिव्यानी वाचू लागली. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मध्येच त्यांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. रडता रडता तिची एक ओळ गळली होती.

"चुकलं काय, बाबा?"

त्यांनी मान डोलावली. तिने ती ओळ पुन्हा वाचली. असा आनंद मला पुन्हा झाला नाही.

"ते सीडी मले देशीन काय?" बिरजूने हळूच विचारलं.

"घे ना. कॉपी कर, वाट लोकाईले. याची चोरी नाई होत."

त्यानेच पुढे माझ्यात लिनक्स कायमचं बसवलं, जुन्या फायलींना धक्का न लावता. प्रयोग ठरल्या दिवशी झाला. गुणवंतराव पुढच्या उन्हाळ्यात गेले.

रीताने मला उठवलं त्या दिवशी फ्लॉपीवर तेवढा तिसरा अंक उतरवला होता. बाकीचं नंतर करू, असं सगळेच म्हणाले, ते 'नंतर' अजून आलेलं नाही. आधीची चार नाटकं आहेत. नटांकडच्या प्रती कधीच फाटल्या, आता ती एकट्या माझ्याकडे आहेत आणि माझी डिस्क बंद पडण्याआधीची टकटक करू लागली आहे.

दिव्यानी, चामोर्शीहून दिवाळीला माहेरी येशील तेव्हा पिशवी ठेव आणि आधी मला सुरू कर. ती नाटकं काढून घे, रीताला धाड, बिरजूला दे, मागेल त्याला दे. मग मला खुशाल भंगारात घाल. मी सुरू होईन गं. तेवढ्या एका वेळेपुरता तरी नक्की होईन.