थर्मोकोलचा पेला

पेला आता अंगठ्याच्या टोकावर टोपीसारखा बसत होता… एके काळी त्यात घोटभर का होईना, पण चहा मावायचा. तिने तो बोटावर फिरवला. आईची अक्षरं मुंगीएवढी झाली होती, पण एक काना इकडचा तिकडे नव्हता. ‘जेवलीस का?’ जहाजावर निघताना ती आईला म्हणाली होती, काहीतरी लिहून दे गं, सगळेच पेले पाठवतात तळाला, पाण्याच्या दाबाने चेपून एवढेसे होऊन येतात, गंमत असते. आईने जराही विचार न करता हेच लिहिलं. समुद्राच्या तळाला तरी दुसरं काय विचारायचं?

“ती एक बाटली वगळून टाक,” सर दारातूनच म्हणाले. विभागप्रमुख, तिला इथे आणलं ते त्यांनीच, आणि याची आठवण ते अधूनमधून करून देत, मायेनेच. “आता बैठकीत आलेख दाखवायचाय. बाकी सगळा कसा छान उतरलाय.”

ती एक बाटली. तळावरच्या धुराड्याच्या अगदी तोंडाशी भरलेली. भेगांतून समुद्राचं पाणी खाली मुरतं, पृथ्वीच्या पोटात तापतं आणि काळा धूर ओकत वर येतं. पाण्यात विरघळलेला हजारो वर्षांचा जुना सेंद्रिय कार्बन त्या भट्टीत जळून जातो, म्हणून बाहेर येणाऱ्या पाण्यात तो कमी सापडतो. तिच्या बाकीच्या बाटल्याही हेच सांगत होत्या. या एकीत मात्र तो जास्त निघाला. म्हणजे तिथे खाली काही नुसतं जळत नाही, काही नवं शिजतंही, किंवा…

“किंवा तुझे पेले,” सर म्हणाले. “थर्मोकोल म्हणजे कार्बनच की. पेल्यांची पिशवी बाटलीला खेटून बांधलीस, अंश उतरला. होते चूक. पुढच्या सफरीला तुझं नाव घालतोय मी, उगाच फाटे फोडू नकोस.”

“पिशवी मी वर दोराला बांधली होती, सर.”

“नक्की आठवतंय?”

“हो.”

ते गेले, आणि तिला आठवेना. ओले हातमोजे, हेलकावणारा डेक, दोर खाली सोडणाऱ्या यारीवाल्याचं “आटपा, आटपा”, गाठ मारणारी आपली बोटं… पण गाठ कशाला? दोराला की बाटलीच्या चौकटीला? जितकं बघावं तितकं ते धूसर होत गेलं. लहानपणी घरात दूध सांडलं की सगळे तिच्याकडे बघायचे, तूच ना? आणि ती हो म्हणून मोकळी व्हायची, सांडलेलं असो नसो. हो म्हटलं की घर शांत व्हायचं. त्या शांततेसाठी आपण किती दूध अंगावर घेतलं, या विचाराने आज तिला संताप आला, स्वतःचाच.

बांधली असेन मी खाली. असेनही. सरांना ठाऊक नाही, मलाही नाही. फरक एवढाच की त्यांना ते चालतंय. मग जाऊ द्या ना बाटली पुन्हा त्याच धुराड्याशी, पेल्यांशिवाय. चुकले असले तर तोंडावर सांगा. पण विचारायचंच नाही, हे कुठलं शास्त्र? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सफरीतून माझं नाव कापतील… कापू देत. मला नेलं नाही तरी चालेल. नाही, चालणार नाही, जीव तुटेल माझा. पण तरीही.

फोन वाजला. आई.

“जेवलीस का?”

“नाही. बैठक आहे.”

“भांडणार आहेस वाटतं.”

“बहुतेक.”

“मग आधी दोन घास खा. उपाशीपोटी भांडलं की माणूस लवकर हो म्हणतं.”

ती हसली. डब्यातले दोन घास उभ्याउभ्याच खाल्ले, पेला खिशात टाकला आणि आलेख उचलला. त्या बाटलीचा रेषेबाहेरचा ठिपका होता तिथेच होता. बैठकीच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आत सगळे गप्प, समजूतदार बसले होते. आणि तिला, पहिल्यांदाच, ती शांतता नको होती.