उंटांचा वर्ग

सहावीतली चिमणी त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडली, तेव्हा शाळेच्या सिस्टरने सवयीने खण उघडून शिक्का बाहेर काढला. ‘उपाशीपोटी आल्याने चक्कर.’ रोज तेच ते काय लिहायचं, म्हणून तिनेच तो करून घेतला होता. चिठ्ठीवर शिक्का, खाली सही, चिठ्ठी घरी, की सुटका.

तिसऱ्या चिठ्ठीची गोष्ट मात्र वेगळी होती. वर्षात तीन चिठ्ठ्या गेल्या की तो पालकांचा हलगर्जीपणा ठरे आणि मुलाचं नाव पटावरून कमी होई.

शिक्क्याला शाई लागण्याआधीच चिमणीची आई येऊन थडकली. निरोप मिळताच कपड्यांच्या कारखान्यातून मशीनवरून तशीच उठून आलेली. गळ्यात मापाची टेप, केसांत दोऱ्यांचे तुकडे.

“हात लावू नका त्या शिक्क्याला,” ती दारातूनच कडाडली. “दोन अंडी नि दोन केळी माझ्यासमोर खाऊन आलीय ही. उपाशी म्हणे! पोटात डोकावून बघितलंत का तुम्ही?”

“ताई, आधी बसा.”

“बसायला नाही आले मी. दोनदा ऐकून घेतलं. शेजारणी तोंडावर विचारतात, पोरीला खायला घालत नाहीस का गं? आता शाळेतूनही काढा, म्हणजे झालं!”

सिस्टर चिडली. तोंडाशी आलेलं उत्तर गिळून ती खाटेकडे वळली आणि तिने पोरीकडे नीट पाहिलं. खरं तर पहिल्यांदाच पाहिलं. ओठांना भेगा, जीभ कोरडी ठक्क. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश, आळसावल्यासारखी खाली बसली.

“लघवीला कधी गेली होतीस?”

“काल संध्याकाळी. घरी.”

सिस्टरने तिचं दप्तर उघडलं. पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

“अगं, पाणी जवळ असून प्यायली का नाहीस?”

“प्यायलं की जावं लागतं.”

“मग जायचं!”

“चकती लागते ना,” चिमणी म्हणाली. एवढं साधं सिस्टरला कळू नये, याचं तिला नवल वाटलं.

चकती फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली असे. लाकडी, वर्गाला एकच. ती घेतल्याशिवाय बाथरूमला जायचं नाही, आणि घेतली की वर्गाचा एक गुण कापला जाई. सगळ्यात कमी गुण गमावणाऱ्या वर्गाला महिनाअखेर शिस्तीची ढाल. सहावीने ती सलग चार महिने राखली होती.

“आणि दिवसभर जो चकतीला हात लावत नाही ना, तो उंट,” चिमणी उठून बसत म्हणाली. “मी अकरा दिवस उंट आहे, सिस्टर. सगळे टाळ्या वाजवतात.”

आईने तोंडाला पदर लावला. सिस्टरने मीठ-साखरेचं पाणी ढवळून तिच्या हातात दिलं. “घोट घोट पाजा. घाई नको,” म्हणाली आणि ताडताड सहावीत गेली.

पत्र्याखालचा वर्ग भट्टीसारखा तापला होता. सिस्टरने पहिल्या बाकावरची बाटली उचलली. जड. दुसरी, तिसरी, सगळ्या जड. फळ्यावर ‘आजचे उंट’ लिहून खाली नावं मांडली होती. वर्गशिक्षिकेच्या टेबलावर झाकण घातलेला अर्धा ग्लास पाणी आणि शेजारी शिक्षकांच्या बाथरूमची किल्ली.

“काय झालं, सिस्टर? अहो, खेळ आहे तो. मुलांना आवडतो,” वर्गशिक्षिका म्हणाल्या.

“तुम्ही सकाळपासून किती वेळा गेलात, बाई?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंचे कान लाल झाले. सिस्टरने सगळ्यांना बाटल्या उघडून प्यायला लावलं. पोरं आधी बाईंकडे बघत होती, मगच झाकणाला हात लावत होती.

परत येताना व्हरांड्यात मोठ्या बाईंनी अडवलं. मुख्याध्यापिका त्या, हातात ढालीच्या समारंभाचं पत्र.

“शिक्का मारा आणि मोकळ्या व्हा, सिस्टर. उद्या पाहुणे यायचेत.”

“उपाशी नव्हती ती.”

“अहो, यांच्या आया पहाटेच कामाला पळतात. कोण खायला घालणार?”

हेच, नेमकं हेच, सिस्टर दोन वर्षं मनात धरून बसली होती. म्हणून तर शिक्का करून घेतला होता. आता दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना तिच्या अंगाचा तिळपापड झाला. राग मोठ्या बाईंचा, आणि त्याहून अधिक स्वतःचा.

खोलीत येऊन तिने शिक्का बाजूला सारला आणि पेन घेतलं. ‘शरीरातलं पाणी कमी झाल्याने चक्कर. बाटली भरलेली होती. चकतीच्या नियमाच्या धाकाने मुलगी पाणी पीत नव्हती. घरच्यांचा दोष नाही. याआधीच्या दोन्ही नोंदी चुकीच्या आहेत. चूक माझी.’ खाली सही केली. एक प्रत नोंदवहीत ठेवली, दुसरी आईच्या हातात दिली.

आईने ती दोनदा वाचली. “हे आधी का नाही विचारलंत?”

“शिक्का हाताशी होता,” सिस्टर म्हणाली.

 आईने माफ केलं नाही. चिठ्ठीची घडी घालून पिशवीत ठेवली.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. “झाली का चिठ्ठी?”

चिमणीने रिकामा ग्लास खाली ठेवला आणि पाय आवळत तिघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“मला जायचंय. चकती कुणाकडे मागू?”

“कुणाकडेच नाही,” आई म्हणाली. तिने पोरीचा हात धरला, मोठ्या बाईंना दारातून बाजूला व्हायला लावलं आणि शिक्षकांच्या बाथरूमची वाट धरली.

सिस्टर किल्ली आणायला पुढे धावली.