फरशीखालच्या दोन पायऱ्या

पूर म्हणजे काही परका माणूस नव्हे. नदीकाठच्या त्या दीपगृहात तर तो पिढ्यान्‌पिढ्या येत आलेला, आणि दिवा राखणाऱ्या घरानं प्रत्येकाला नाव दिलेलं. एक ‘जावई पूर’, तीन दिवस ऐटीत बसला आणि मनासारखं सगळं करून घेऊन गेला. एक ‘चोर पूर’, लोक गाढ झोपेत असताना शिरला. आणि एक ‘सासू पूर’, तो आला तो हलायचं नावच घेईना. ही नावं वर दिव्याच्या खोलीत भिंतीवर कोरलेली होती, आणि प्रत्येकापुढे पायऱ्यांचा आकडा. खालच्या भिंतींना दरवर्षी चुना लागायचा, तिथं खूण टिकायची नाही, म्हणून पाणी मोजायचं ते जिन्याच्या पायऱ्यांनी. सासू पुरापुढे नऊ लिहिलं होतं. नववी बुडाली की पाणी बांधावरून खालच्या गल्लीत उतरतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण बांधाच्या आडून गल्लीला नदी दिसतच नाही. नदीकडे बघायचं काम दीपगृहाचं.

आप्पांचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, ते काम त्यांच्या थोरल्या लेकीकडे होतं. पाच वर्षांत पाणी कधी चौथ्या पायरीच्या वर आलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र ते आवाज न करता चढत होतं. बाहेर धुकं इतकं, की नदी कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. खालच्या खोलीत थोरलीचं स्टूल तरंगत होतं, तिची एक चप्पल त्याच्याभोवती सावकाश फिरत होती, आणि पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता. थोरली जिन्यात उभी राहून ते बघत राहिली. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. घर झोपेत श्वास घेतंय असं वाटत होतं.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर आणि चार वर्षांच्या मुलीबरोबर गल्लीतच राहायची, अगदी शेवटच्या घरात.

“ताई, निघू की थांबू?”

“सातवी आत्ता कुठं भिजली. अजून दोन बाकी आहेत, बाई. उगाच पळापळ नको. पोरीला झोपव दुपारचं.”

“गल्लीत तसं सांगू?”

“सांग, माझं नाव घेऊन सांग.”

मग ती वर गेली. आप्पा खिडकीशी गोधडी पांघरून बसले होते. हल्ली ते पुरांबद्दल जुन्या सोबत्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे.

“कितवी गं?”

“सातवी.”

“नववी म्हण,” आप्पा म्हणाले.

थोरली हसली. आप्पांचं हे नेहमीचंच होतं. हिंडतेफिरते होते तेव्हाही जिना चढताना पहिल्याच पायरीला ‘तीन’ म्हणायचे, आणि सगळे म्हणायचे, साठी बुद्धी नाठी. “आप्पा, मी डोळ्यांनी बघून आलेय. सातवी.”

“पहिल्या दोन धरल्यास?”

“कुठल्या पहिल्या दोन?”

“अगं, सासू पुरानं हा एवढा गाळ आणला. माझ्या वडिलांनी तो उपसला नाही, वरूनच फरशी घातली. दोन पायऱ्या आहेत की खाली. दिसत नाहीत म्हणून मोजायच्या नाहीत होय?”

थोरलीच्या तोंडचं पाणीच पळालं. पाच वर्षं ती दिसेल तेच मोजत आली होती. आणि आत्ता, तिच्या नावावर, सगळी गल्ली घरात निवांत बसली होती.

घरोघर फोन करायला वेळ नव्हता. एकच उपाय होता, भर दिवसा दिवा लावायचा. दिवसा दिवा दिसला की काही न विचारता गल्ली सोडायची, असा तिथला रिवाज होता, आणि चाळीस वर्षांत तो कुणी लावला नव्हता. अर्ध्या तासापूर्वी ‘थांबा’ म्हणणारी आता ‘पळा’ म्हणणार! लोक तोंडात शेण घालतील. घालू देत मेले, म्हणत तिनं खटका ओढला.

धुक्यात पिवळा उजेड कौलांवरून फिरू लागला. एक दार उघडलं, मग दुसरं. माणसं बोचकी, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन मागच्या टेकाडाकडे निघाली, आणि वरून बघताना ती चालतायत की तरंगतायत तेच कळत नव्हतं. शेवटच्या घराचं दार तेवढं बंद होतं. थोरलीनं फोन लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. झोपलेत, तिच्या मनात आलं, मीच झोपव म्हणाले. ती खिडकीतून घसा फाटेस्तोवर ओरडली. बांधावरून पाणी सांडायला लागलं, उतू जाणाऱ्या दुधासारखं, सगळीकडून एकदम.

तेव्हा कुठं दार उघडलं. धाकटी मुलीला खांद्यावर टाकून, गुडघाभर पाण्यातून, नवऱ्याचा हात धरून टेकाडावर पोचली. थोरली लहान मुलासारखी रडली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. “तू सांगितलंस म्हणून मी तिला झोपवलं होतं, ताई,” एवढंच म्हणाली आणि ठेवला. मग चार दिवस तिनं फोन घेतला नाही.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं. थोरली वर छिन्नी घेऊन बसली होती. तिनं कोरलं, ‘नऊ. राखणारीनं सात मोजल्या. चूक तिची. पहिल्या दोन पायऱ्या फरशीखाली आहेत.’

“आपली चूक कुणी दगडात कोरतं का गं?” आप्पा कळवळून म्हणाले. “शंभर वर्षं लोक वाचतील.”

“वाचू देत.”

जिन्यात पावलं वाजली. धाकटी वर आली, चिखलानं माखलेली, मुलीला कडेवर घेऊन. बहिणीकडे न बघता तिनं भिंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

“अक्षर मोठं काढ,” ती म्हणाली. “हिला अजून बारीक वाचता येत नाही.”