फेलित्स्याचं दुखणं

क्लेमेन्सने बायकोला तीस वर्षं एकाच गोष्टीवरून टोचलं होतं. गेनोवेफाची धाकटी बहीण छातीच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून. (स्तनाचा म्हणायचं नाही, छातीचा म्हणायचं, अशी त्या गावची रीत.) घरात कुणाला साधं पडसं झालं तरी हा म्हणायचा, "तुझ्या माहेरचं रक्तच नासकं." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला, साबिनाला, छत्तिसाव्या वर्षी तेच निघालं आणि दोन्ही स्तन काढावे लागले, तेव्हा तर गेनोवेफाने स्वतःच मान खाली घातली. आपणच पोरीला हे दिलं, असं ती येईल-जाईल त्याला सांगू लागली.

साबिनाच्या जनुकात दोष सापडला होता. तो आईकडून आला की बापाकडून, हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त मागितलं. गेनोवेफा म्हणाली, "माझं मला ठाऊक आहे, कागद कशाला?" क्लेमेन्स मात्र ऐटीत बियाविस्टोकच्या मोठ्या इस्पितळात गेला. आपलं रक्त स्वच्छ आहे, हे एकदा कागदावरच येऊ दे, म्हणाला. आलं ते उलटं. दोष त्याच्याकडचा निघाला.

"पण मी पुरुष आहे," तो म्हणाला.

"म्हणून काय झालं? तुमच्याकडूनही जातो. बहीण आहे तुम्हाला?"

"होती. फेलित्स्या. एकेचाळिसाव्या वर्षी गेली."

"कशाने?"

"फुप्फुसं," क्लेमेन्स सवयीने म्हणून गेला.

फुप्फुसं नव्हती. फेलित्स्याने दोन वर्षं छातीवरची जखम फडक्याखाली दडवली होती. वास लपेनासा झाला तेव्हा त्यानेच तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं. वाटेत तिने त्याला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. पाद्र्यांना फुप्फुसं सांगितली, तिच्या सात वर्षांच्या मुलीला, इवोनालाही, फुप्फुसं सांगितली, आणि मग तेच खरं होऊन बसलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात क्लेमेन्सचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

"बहिणीला मुलगी असेल तर तिला लगेच सांगा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "तिलाही धोका असू शकतो. लवकर कळलं तर खूप काही करता येतं."

त्याने कागद मधमाश्यांच्या पेट्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. घरी कुणी विचारलं की नुसतं 'ठीक आहे' म्हणायचा. ईस्टरच्या जेवणाला सांगू, म्हणाला. तेव्हा टेबलाभोवती सगळे होते. मग म्हणाला, सुगी होऊ दे. मेलेल्या बहिणीची शपथ आहे, असं तो स्वतःला समजावत होता. खरं तर त्याला बायकोच्या तोंडाची भीती वाटत होती.

आता नोव्हेंबरची पहिली तारीख, सर्व संतांचा दिवस उजाडला होता. सगळं गाव दफनभूमीत होतं, शेवंतीच्या कुंड्या आणि काचेतले दिवे घेऊन. आज इवोना आईच्या थडग्यावर येणार, आज सांगायचंच, असं ठरवून क्लेमेन्स निघाला. इवोना आधीच येऊन दगड घासत होती. आठ महिन्यांचं बाळ सासूकडे ठेवून आली होती.

"मामा, तोंड का एवढं उतरलंय? मामीने नाश्ता नाही दिला?"

"दिला ना," गेनोवेफा म्हणाली. "दोन सॉसेज जास्तच चापले त्याने."

इवोना हसली. मग हात पुसत म्हणाली, "मामी, साबिनाचं बघून माझ्या मनात येतं, मीही रक्त तपासून घेऊ का?"

"तू कशाला गं? ते माझ्या माहेरचं आहे. तुझ्या आईकडचं रक्त स्वच्छ. तीस वर्षं ऐकतेय मी. विचार तुझ्या मामाला."

इवोनाने मामाकडे पाहिलं. क्लेमेन्सने नुसती होकाराची मान हलवली असती तरी तो सुटला असता. तसा विचार त्याच्या मनात आलाही, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"माझ्याकडचं आहे," तो म्हणाला. "साबिनाला माझ्याकडून आलं. आणि तुझी आई फुप्फुसांनी नाही गेली, इवोना. छातीनेच गेली. तिने मला शपथ घातली होती."

गेनोवेफाने हातातला दिवा खाली ठेवला.

"माझी बहीण तिकडे चौथ्या रांगेत आहे," ती म्हणाली. "तिच्या थडग्यापाशीसुद्धा बोलला होतास तू मला."

"कधीपासून माहीत आहे तुला, मामा?" इवोनाने विचारलं.

"ईस्टरच्या आधीपासून."

ती थडग्याच्या कडेवर बसली. कोटाची बटणं तिने उगाच काढली, पुन्हा लावली.

"ऑगस्टात मला छातीत गाठ लागली," ती म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का? मी सांगितलं, मामेबहिणीला आहे, पण ते मामीच्या माहेरचं, आमच्यात कुणालाच नाही. मग ते म्हणाले, अंगावर पाजतेस ना, दूध साकळलं असेल. मामा, सूज उतरावी म्हणून तीन महिने मी त्या गाठीवर कोबीची पानं बांधतेय."