फणसाखालचा पांढरा मका

मी मका. मानपाड्याचा, पांढऱ्या दाण्याचा, अंगानं बुटका. माझा तुरा तुमच्या खांद्याच्या वर जाणार नाही. पण उंच, देखण्या मक्याला जे जमत नाही ते मला जमतं. मी सावलीत कणीस धरतो. हा गुण माझ्या अंगी कसा आला हे सांगायचं, तर आधी बायजेबद्दल सांगावं लागेल.

बायजा लग्न होऊन गोपीनाथच्या घरी आली, तेव्हा डोंबिवलीला आगगाडी थांबतही नव्हती. गोपीनाथचं खाडीच्या अंगाला थोडं भात पिकायचं. उन्हाळाभर तो मिठागरावर राबायचा, पावसाळ्यात घरी यायचा. घरामागे जमिनीचा एक उंचवट्याचा तुकडा होता. श्रावण-भाद्रपदात जुनं भात संपत आलेलं असतं आणि नवं अजून शेतातच उभं असतं. त्या दिवसांत या तुकड्यावरचा मका घरच्यांच्या पोटाला आधार द्यायचा.

पण बांधावर शेजारच्या दौलतची फणसाची आणि आंब्याची झाडं होती, त्याच्या बापानं लावलेली. झाडं वाढली तशी त्यांची सावली निम्म्या तुकड्यावर आली आणि तिथलं पीक गेलं. एका वर्षी गोपीनाथनं चिडून फणसाची मोठी फांदी तोडली. दौलत बांधावर आला, शब्दाला शब्द लागला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. बायजा आणि दौलतची बायको सगुणा, दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, पण एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

सावलीत मक्याचं काय होतं ते सांगतो, कारण ते माझ्या कुळाचंच दुखणं आहे. ऊन मिळत नाही म्हणून झाड नुसतं वर धावतं. ताट बारीक होतं, पानं फिकी पडतात. तुरा येतो, त्यातली धूळ वाऱ्यावर उडून जाते. पण कणसाचे केस बाहेर यायला उशीर होतो. ती धूळ केसांवर पडली तरच दाणा भरतो. केस येईपर्यंत धूळ संपलेली असते. मग कणीस सोललं की आत दाणे नसतात, नुसता बुरखुंडा.

त्या वर्षीही फणसाखाली असंच झालं. बायजा म्हशीला वैरण म्हणून ती वांझ ताटं कापत होती. कापता कापता तिचा विळा थांबला. उंच ताटांमध्ये एक बुटकं झाड होतं. पानं रुंद, गर्द हिरवी, आणि कमरेला एक लहानसं कणीस. तिनं ते सोललं. अर्ध्याच्या वर भरलेलं होतं.

"भाज तो," गोपीनाथ म्हणाला.

"नाय. हा बियाला ठेवायचा."

"येवढासा बियाला? बी ठेवावं ते उन्हातल्या मोठ्या कणसाचं."

"उन्हातल्याला उन्हाचीच सवय. यानं फणसाखाली दाणं धरलं. याची पोरं याच्यावरच जातील."

"मक्याची पोरं?" गोपीनाथला हसू आलं.

"तुमचं नाक तुमच्या बापाचं, अख्खा गाव बोलतो. मंग मक्यानं काय पाप केलं?"

गोपीनाथनं नाक चोळलं. ते कणीस चुलीवरच्या आढ्याला टांगलं गेलं. तिथून माझी गोष्ट सुरू होते.

पुढच्या पावसात बायजेनं मला फणसाखालीच पेरलं. पुष्कळशी झाडं पुन्हा उंच आणि वांझच निघाली. थोडी मात्र बुटकी राहिली आणि त्यांनी कणसं धरली. बायजा खचली नाही. उंच धावणारी झाडं ती तुरा फुटायच्या आतच कापून म्हशीपुढे टाकू लागली, म्हणजे त्यांची धूळ माझ्यावर पडेना. बी धरताना ती सगळ्यांत मोठं कणीस निवडायची नाही. सगळ्यांत दाट सावलीतलं निवडायची. घरात धान्याचा तळ दिसत असतानाही तिनं बियाच्या कणसाला हात लागू दिला नाही. माझ्यासाठी ती पुष्कळदा अर्धपोटी निजली.

वर्षं गेली. माझी बुटकी झाडं संख्येनं वाढत गेली, वांझ कमी होत गेली. आता माझे केस तुऱ्याबरोबरच बाहेर यायचे. फणसाखालचा तुकडा भाद्रपदात कणसांनी भरून जाऊ लागला. गोपीनाथ आता माझी थट्टा करत नव्हता. आल्या-गेल्याला हाताला धरून सावलीत न्यायचा आणि म्हणायचा, "ही आमच्या घरातलीची करणी."

मग दौलतनं कल्याणच्या बाजारातून पिवळ्या मक्याचं बी आणलं आणि आपल्या शेतात, बांधाला लागूनच पेरलं. त्याचं शेत पश्चिमेला, आणि पावसाळी वारा समुद्राकडचा. त्या वर्षी माझ्या पांढऱ्या कणसांत पिवळे दाणे चमकले. पोरांना ते फार आवडले. बायजेनं तसंच बी पेरलं, आणि पुढच्या पावसात फणसाखाली पुन्हा उंच, वांझ ताटं उभी राहिली.

ती त्या ताटांमधून फिरली. पिवळ्या दाण्यांतून आलेल्या या ताटांची आई माझ्या कुळातली होती, पण बाप दौलतच्या शेतातला होता, हे तिला उमगलं. तिनं पिवळे दाणे वेचून काढले, तरी दर वर्षी नवे भरायचे. निवडून उरलेलं पांढरं बी ओंजळीत मावेल एवढंच राहिलं. असंच चाललं असतं तर मी संपलो असतो.

गोपीनाथ म्हणाला, "त्याच्या दारात जायचं नाय."

बायजा गेली.

दारात सगुणा होती. तिनं बाजूला सरून वाट दिली. दौलत ओटीवर जाळं दुरुस्त करत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"दौलत भावजी, तुमचा मका पलीकडच्या बांधाला पेराल काय? त्याची धूळ माझ्या मक्यावर पडते. माझं बियाणं हातचं चाललंय."

"माझ्या बापाचा फणस तोडला तुमी."

"तोडला. मी आज झाड तोडा म्हणाया नाय आले. झाड ऱ्हाऊ दे. माझा मका त्याच्याखालीच पिकतो."

दौलतचा हात थांबला. "फणसाखाली मका?"

"चला, दाखवते."

तो बांध ओलांडून आला. पांढऱ्या बियाची जेवढी झाडं उरली होती, त्यांच्यापुढे उकिडवा बसला. एक कणीस चाचपून पाहिलं, मग मान वर करून फणसाकडे पाहिलं. त्या झाडापायी वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं, आणि त्याच झाडाखाली कणसं भरली होती.

"वयनी," तो म्हणाला, "माझ्या अंगालाही या झाडांची सावली पडते. मना पन मूठभर बी द्याल?"

पुढच्या वर्षी पिवळा मका दौलतच्या शेताच्या पलीकडच्या, पश्चिमेच्या बांधाला गेला. बांधाच्या दोन्ही बाजूंना मीच उभा राहिलो. गोपीनाथ आणि दौलत आधी पिकावरून बोलले, मग एकमेकांची तंबाखू खाऊ लागले. सगुणेनं लेकीला, तुळसेला, सासरी जाताना माझं बी दिलं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ तिच्या चिंचेखालच्या परसातही आता मी पिकतो.

तुम्हांला मी एवढंच मागतो. मला सावली द्या, मी तक्रार करणार नाही. पण परक्या मक्यापासून जरा लांब पेरा, आणि चांगलं कणीस दिसलं की लगेच निखाऱ्यावर टाकू नका.

बायजा आता म्हातारी झाली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पांढरा दाणा कुठला, पिवळा कुठला, तिला दिसत नाही. कापणी झाली की दुपारी सगुणा येते. दोघी ओटीवर बसतात. बायजा कणसावरून बोटं फिरवते, दाणे भरलेत का ते पाहते, आणि कणीस सगुणेच्या हातात देते.

"पिवळा हाय काय गं?"

सगुणा कणीस उजेडाकडे धरते, फिरवून बघते. एक दाणा नखानं उचकटून अंगणातल्या कोंबडीला टाकते.

"व्हता एक," ती म्हणते. "आता समदं तुझंच हाय."