रुद्रप्पा शेंगदाणा चटणी

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत गेवराईचे किराणा दुकानदार रुद्रप्पा डोळ्यांत तेल घालून पाळत होते. शिवानीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता, रीत मात्र ठणठणीत होती. बायको गंगासागरही ती पाळायची. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

बीडच्या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात शिवानीनं स्टॉल लावला, म्हणून दोघं एसटीनं आले. रुद्रप्पांचा बेत पक्का होता. आधी बाकीचे स्टॉल करायचे, म्हणजे लेकीकडं ‘पोट भरलंय’ म्हणताना खोटं बोलावं लागणार नाही. त्यांनी लोणची चाखली, आवळ्याचं सरबत प्याले, ज्वारीची बिस्किटं खाल्ली. एका ठिकाणी पापड पुन्हा मागून घेतला. सगळीकडं ‘वा’ म्हणाले. फुकटचं खाऊन नाक मुरडणाऱ्यांतले ते नव्हते.

लेकीच्या स्टॉलवर आले आणि थबकलेच. पाकिटापाकिटावर ‘रुद्रप्पा शेंगदाणा चटणी’ असं छापलेलं, वर त्यांचाच फेटा घातलेला फोटो.

“अप्पा, चव घ्या ना,” शिवानी म्हणाली. समोर मांजरसुंब्याचे ढाबेवाले मोहनराव उभे होते. ढाब्यासाठी कायमची चटणी घ्यायची का, हे त्यांचं ठरत आलं होतं. तिला मिळालेलं हे पहिलंच मोठं गिऱ्हाईक.

“पोट भरलंय,” रुद्रप्पा म्हणाले.

मोहनरावांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. “शेठ, मघाधरनं बगतोय. तुमी समद्यांचं खाल्लं. पापड तर मागून खाल्ला. अन् जिच्यावर तुमचा फोटो हाय, तीच न्हाई?”

“लेकीचं अन्न हाय. रीत हाय आमची.”

“रीत बरूबर हाय. पण नाव तुमचं, अन् चव तुमालाच ठावं न्हाई. असल्या नावाचं मी काय करू?” मोहनरावांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

शिवानी सरळ असलेली पाकिटं पुन्हा सरळ करत राहिली.

गंगासागर पुढं झाली. “अवो, पाकिटावर नाव तुमचं, म्हंजी माल तुमचा. आपल्याच मालाला कसली रीत?” आणि पहिला चमचा तिनंच तोंडात घातला. हा मुद्दा तिनं बहुतेक गेवराईहूनच तयार करून आणला होता.

रुद्रप्पांना तो पटला. त्यांनीही चमचाभर चटणी तोंडात टाकली. चटणी नुसता जाळ होती. कपाळावर घाम फुटला, नाक वाहू लागलं.

“कशी हाय?” मोहनरावांनी विचारलं.

“लई तिखट.”

“मग ढाब्याला चालती,” मोहनराव म्हणाले. “सोमवारपासून धाड, पोरी.”

गंगासागरनं पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली काढून नवऱ्यापुढं धरली. चटणीला निमित्त मिळालं होतं, पाण्याला कसलंच नव्हतं. रुद्रप्पांनी बाटली बाजूला सारली आणि लेकीपुढं ओंजळ धरली.

“तुझ्या घरचं पानी दे, बाई.”

शिवानीला इतकं रडू आलं, की अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. उरलेलं ते प्याले.